विमानकार डॉ. विष्णू माधव घाटगे

कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजच्या परिसरात हसूरचंपू नावाचे एक गाव आहे. २४ ऑक्टोबर १९०८ रोजी या गावी विष्णू माधव घाटगे यांचा जन्म झाला. राइट बंधूंनी अमेरिकेत पहिले यांत्रिक उड्डाण केले, त्यास तेव्हा पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. ज्या गावात बैलगाडी हेच वाहन, तेथील हा मुलगा पुढे भारतीय आराखड्याचे पहिले धातूचे विमान घडविणार होता, ही गोष्ट त्या काळी कोणी सांगितली असती तर ऐकणारा हसलाच असता.

बुद्धी तीव्र आणि कल विज्ञानाकडे. मुंबईस पदव्या संपादन करून घाटगे जर्मनीतील गटिंगेन येथे गेले. तेथे लुडविग प्रांट्ल हे विख्यात आचार्य वायुगतिशास्त्र शिकवीत असत. वाहणारी हवा पृष्ठभागाला अगदी लगटून जाते तेथे तिचा एक अत्यंत पातळ थर मंदावतो, आणि विमानाला होणाऱ्या विरोधाचे मर्म त्या थरात दडलेले असते, हे प्रांट्ल यांनी १९०४ सालीच दाखवून दिले होते. ज्याने हे शास्त्र त्यांच्यापाशी बसून आत्मसात केले, त्याला पत्र्यावर वर आलेले रिव्हेटचे डोकेही क्षुल्लक वाटणार नाही. येथेच घाटगे यांनी डॉक्टरेट मिळविली व १९३६ च्या सुमारास ते स्वदेशी परतले.

परतून आले खरे, पण विमान बांधणारा कारखाना देशात होता कोठे? सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली, आणि डॉ. घाटगे यांना आपले क्षेत्र सापडले. सैनिक वाहून नेणारे दहा आसनांचे एक बिनइंजिनी विमान त्यांनी आरंभीच तयार करविले. ते एकच बांधले गेले. महायुद्धाने कारखान्याला दुरुस्तीच्या कामास जुंपले. मात्र ती वर्षे वाया गेली नाहीत. बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ च्या अखेरीस विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तो उभारण्याचे श्रेय डॉ. घाटगे यांचेच. दुसऱ्यांची विमाने दुरुस्त करणारे हात आणि स्वतःचे विमान रेखाटणारे डोके यांत केवढे अंतर असते हे त्यांनी ओळखले होते, म्हणून माणसे शिकविण्याचे काम त्यांनी आधी हाती घेतले.

देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ च्या सुमारास हवाईदलाच्या शिकाऊ वैमानिकांसाठी विमान बांधण्याचे ठरले. तोवर आपली मुले ‘टायगर मॉथ’ या इंग्रजी विमानावर शिकत. त्याचे पंख लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले असत. डॉ. घाटगे यांनी ठरविले की आपले विमान सर्वस्वी धातूचे असावे. येथपासून त्यांच्या चरित्रातील मला सर्वांत मनोवेधक वाटणारा भाग सुरू होतो.

बरखेड्यातील आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वडील किंवा आजोबा कारखान्यात काम करणारे आहेत. त्यांना पत्रा म्हणजे काय ते सांगावयास नको. परंतु विमानाचा पत्रा निराळ्या जातीचा. अल्युमिनियममध्ये थोडे तांबे मिसळून केलेली ही मिश्रधातू १९०६ साली आल्फ्रेड विल्म या जर्मन शास्त्रज्ञाच्या हाती आली. तापवून झटकन थंड केल्यावर ती दिवसागणिक आपोआप कठीण होत जाते. वजनाने हलकी, बळकटीत पुष्कळ; पण मोठी मानी. तिला काटकोनात कडक वाकविले तर ती घडीवर तडकते, म्हणून गोलाई ठेवूनच वाकवावी लागते. आखणी करताना लोखंडी टोकाने रेघ ओढली तर तो ओरखडा पुढे भेगेचा आरंभ ठरतो. भोक पाडल्यावर त्याची कड गुळगुळीत केलीच पाहिजे. लोखंडी स्क्रू तसाच लावला आणि ओल धरली, तर त्या जागी पत्रा कुरतडला जातो.

या शिकाऊ विमानात विद्यार्थी व गुरू एकामागे एक बसतात. पुढचा दांडा हलला की मागचाही हलला पाहिजे. हे दांडे जोडणाऱ्या सळ्या, शेपटीकडे जाणाऱ्या तारा आणि कप्प्या यांना जागा मिळते ती बहुधा पायाखाली. म्हणून अशा विमानाची जमीन रिव्हेट ठोकून कायमची बंद करून चालत नाही. तिचे तुकडे करावे लागतात, आणि प्रत्येक तुकडा सुटा निघाला पाहिजे. प्रथम जाड कागदाचा साचा कापून जागेवर बसवून पाहावयाचा. मग पत्रा कापावयाचा. वजन कमी व्हावे म्हणून जेथे भोके पाडतात तेथे भोकाची कड खाली दुमडतात. त्यामुळे भोक पडूनही पत्रा अधिकच ताठ होतो! खाली आधाराच्या पट्टीत आटे असलेल्या चकत्या पक्क्या बसवितात, म्हणजे वरून नुसता स्क्रू फिरविला की तुकडा हातात येतो. वैमानिकाच्या बुटाखाली तो वाकता कामा नये, थरथरीने वाजता कामा नये, आणि त्याच्या फटीतून पेन्सिल किंवा नाणे खाली जाता कामा नये. खाली घरंगळलेली एखादी चाकी कप्पीत अडकली तर दांडा जागच्या जागी थिजतो, आणि तेव्हा आत बसलेला असतो अठरा-वीस वर्षांचा मुलगा.

हे वाचताना मला आमच्या किनाऱ्यावरच्या होड्या आठवल्या. होडीच्या तळावर पाय ठेवण्यास घातलेल्या फळ्या कोणी खिळ्यांनी ठोकीत नाही. खाली साचलेले पाणी उपसावयाचे तर फळी क्षणात उचलता आली पाहिजे. लहानपणी मी एकदा हौसेने फळी दोरीने घट्ट बांधून ठेविली होती. तिचे बक्षीस म्हणून जे मिळाले ते येथे सांगण्यासारखे नाही.

ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळूर येथे ‘एच.टी.-२’ आकाशात गेले. इंजिन विलायती होते हे लपविण्याचे कारण नाही. पण अंग, पंख आणि आखणी आपली होती. अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली. हवाईदलातील वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यांवर घडल्या, आणि १९५९ साली घाना देशाचे हवाईदल उभे राहिले तेव्हा तेथील तरुणही याच विमानांवर शिकले. पुढे फ्लाइंग क्लबांसाठी १९५८ साली ‘पुष्पक’ हे छोटे विमान, मग ‘कृषक’, आणि १९६४ साली ‘किरण’ हे जेट शिकाऊ विमान, ही सारी डॉ. घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झाली. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. वर्गात विमानाचा विषय निघाला की मुले तळपदे यांचे नाव घेतात. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडविले ही कथा सर्वांना पाठ आहे, पण तिला भरवशाचा पुरावा नाही. ज्या ग्रंथाचा तिच्याशी संबंध जोडतात, त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असे १९७४ साली शास्त्रज्ञांनी तपासून दाखविले. हे शास्त्रज्ञ बंगळूरच्या त्याच भारतीय विज्ञान संस्थेतील, जेथे डॉ. घाटगे यांनी विमानविद्येचा विभाग उभारला होता. ज्यांची विमाने खरोखर उडाली, त्या घाटगे यांचे नाव वर्गात मी विचारले तेव्हा एकही हात वर झाला नाही. त्याच दिवशी हा लेख लिहिण्याचे मी ठरविले.

डॉ. घाटगे ६ डिसेंबर १९९१ रोजी निवर्तले. बंगळूरच्या विमान संग्रहालयात ‘एच.टी.-२’ ठेवलेले आहे. सुटीत कोणी तिकडे गेलात तर त्याच्या पंखांबरोबर छायाचित्र अवश्य काढा. पण आत डोकावण्याची परवानगी मिळाली, तर आधी पायाखालच्या भागाकडे पाहा, आणि स्क्रू कोठे कोठे आहेत ते मोजून येऊन मला सांगा.