विश्लेषण : दारू वाढवली की नेम का बिघडतो? लोलकावर गोळ्या झाडणारे बेंजामिन रॉबिन्स

विश्रांतवाडीहून होळकर पूल ओलांडला की खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. काडतुसात दारू किती, गोळी किती वजनाची आणि त्याने वेग किती मिळतो, हे प्रयोगाने मोजण्याची पद्धत मात्र त्याहून सव्वाशे वर्षे जुनी. ती देणारे बेंजामिन रॉबिन्स भारतातच वारले.

जन्म १७०७, इंग्लंडमधील बाथ. घर युद्धविरोधी क्वेकर पंथाचे. गणित ते स्वतःच शिकले आणि विशीतच रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १७४१ मध्ये वूलिचच्या सैनिकी अकादमीतील प्राध्यापकाची जागा हुकली. व्याख्यानांसाठी केलेली तयारी वाया न घालवता त्यांनी १७४२ मध्ये तोफशास्त्रावर पुस्तक काढले. तीन वर्षांनी ते जर्मनमध्ये नेले खुद्द ऑयलर यांनी!

प्रयोग साधा होता. जड लोलकावर गोळी झाडायची, तो किती मागे गेला हे फितीवर मोजायचे आणि संवेगाच्या नियमाने वेग काढायचा. बंदुकीच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर निघाला. मग त्यांनी नळीच लोलकाला बांधली आणि मागचा धक्का मोजला. दारू दुप्पट केल्याने वेग दुप्पट होत नाही. धक्का मात्र वाढतो, कारण गोळीबरोबर जळालेल्या दारूचा वायूही बाहेर फेकला जातो.

हेच गणित आजच्या पिस्तुलाला लावून पाहा. ९ मिमीची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटरने सुटली, तर संवेग २.८. साडेनऊ ग्रॅमची ३०० मीटरने सुटली, तर २.८५. म्हणजे धक्का जवळपास तेवढाच. पण जड, संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते. तोवर पिस्तुलाचे तोंड उचलले जाते आणि जवळच्या निशाण्यावर ती थोडी वर लागते. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले, त्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात पॉइंट २२ चे काडतूस असते. त्याचा धक्का ९ मिमीच्या साधारण एक तृतीयांश. धक्क्याच्या धास्तीने चाप ओढण्याआधीच मनगट हलते, हा नवख्यांचा नेहमीचा घोळ. हलक्या काडतुसाने तो बराच कमी होतो.

नेम चुकण्याचे आणखी एक कारण रॉबिन्स यांनी दाखवले. त्यांनी नळीचे तोंड मुद्दाम डावीकडे वाकवले. गोळी आधी डावीकडे निघाली, पण नळीत मिळालेल्या गिरकीमुळे पुढे उजवीकडे वळली. गिरकी मनमानी असेल तर गोळी भरकटते; ती नियंत्रित करायची तर नळीत आटे हवेत, असे त्यांनी १७४७ मध्ये मांडले. त्याआधीच्याच वर्षी त्यांना कोप्ली पदक मिळाले होते.

१७५० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य अभियंता म्हणून ते मद्रासकडील किल्ले दुरुस्त करायला आले. वर्षभरातच तापाने गाठले. २९ जुलै १७५१ रोजी कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला. वय होते ४४.