संख्यांचे सोयरे : दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

संशोधक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठी प्रयोगशाळा, किमती उपकरणे आणि ग्रंथांनी भरलेली कपाटे उभी राहतात. परंतु नाशिकजवळच्या देवळाली गावी एक शाळामास्तर असे होऊन गेले, की ज्यांची सारी प्रयोगशाळा म्हणजे कागद आणि पेन्सिल एवढीच होती. शून्य ते नऊ हे दहा अंक पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असतात. तेच त्यांचे साहित्य. एवढ्याशा सामग्रीवर त्यांनी जे शोधून काढले, ते आज जगभरच्या गणितप्रेमींना परिचित आहे. या मास्तरांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असतानाच त्यांच्या मातोश्री निवर्तल्या. वडील कारकुनी करीत. त्यांना फलज्योतिषाचा नाद होता आणि ज्योतिषाला आकडेमोड लागतेच. त्या आकडेमोडीतूनच दत्तात्रयाला अंकांची गोडी लागली. ठाण्याच्या शाळेत शिकत असताना इतर मुले खेळात रमत, तसा हा मुलगा गणिती कोड्यांत रमे. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ साली गणितातील स्वतंत्र कामाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी परीक्षा उत्तीर्ण झाले. याहून वरचे शिक्षण मात्र त्यांना लाभले नाही. १९३० साली ते देवळालीच्या शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच त्यांनी अध्यापन केले.

दुसऱ्याने घातलेले कोडे सोडविणारे पुष्कळ असतात. कापरेकर स्वतः संख्यांनाच प्रश्न विचारीत. एखादी संख्या दिसली की तिचे अंक उलटसुलट करावेत, त्यांची बेरीज घ्यावी, वर्ग करून पाहावा, आणि काही नियम हाती लागतो का हे चिकाटीने तपासावे, अशी त्यांची रीत होती.

त्यांनी दाखविलेली एक गंमत पाहा. ४५ या संख्येचा वर्ग २०२५. या वर्गाचे मधोमध दोन तुकडे केले, तर २० आणि २५ मिळतात. त्यांची बेरीज पुन्हा ४५! तसेच २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ यांची बेरीज २९७. ज्या संख्या अशा रीतीने आपल्या वर्गातून पुन्हा प्रकट होतात, त्यांना गणितात कापरेकर संख्या असे म्हणतात. ५५, ९९ आणि ७०३ यांचे वर्ग करून तुम्हीही हा पडताळा घ्या.

त्यांनी संख्यांना नावेही मोठी समर्पक दिली. १८ या संख्येच्या अंकांची बेरीज ९, आणि १८ ला ९ ने निःशेष भाग जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्येला ते हर्षद, म्हणजे आनंद देणारी, म्हणत. दुसरा प्रकार स्वयंभू संख्यांचा. १५ मध्ये त्याचे अंक १ आणि ५ मिळविले की २१ होतात; म्हणून १५ ही २१ ची जननी. मग २० ची जननी कोणती? एक अंकी संख्येत तीच संख्या मिळविली तर तिची दुप्पट होते. २० येण्यासाठी ती संख्या १० असावी लागेल, पण १० तर दोन अंकी आहे. आता दहा ते एकोणीस या संख्या पाहू. त्यांच्यापासून अनुक्रमे ११, १३, १५, १७, १९, २१ अशा विषम संख्याच मिळत जातात. तेथेही २० नाही. वीस व त्यापुढील संख्यांत अंक मिळविले की उत्तर २० च्या पलीकडे जाते. म्हणून २० ला जननीच नाही, ती स्वयंभू. या संख्यांना त्यांनी आपल्या गावावरून देवळाली संख्या असेही नाव दिले.

परंतु कापरेकरांची कीर्ती दूरवर नेली ती ६१७४ या संख्येने. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. तिचे चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करा. उत्तर तीन अंकी आले, तर त्याआधी शून्य लिहून ते चार अंकी करून घ्या.

कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ हेच घेऊ. ९५१० मधून ०१५९ वजा केले की ९३५१ उरतात. पुढे ९५३१ मधून १३५९ वजा केले की ८१७२. याच क्रमाने ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४ ही उत्तरे येतात. आता ६१७४ वर क्रिया केली, तर ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. येथे वाट थांबते. कोणत्याही संख्येपासून निघालात, तरी सात पायऱ्यांच्या आत, किंवा फार तर सातव्या पायरीवर, तुम्ही ६१७४ पाशी पोहोचताच.

हे प्रत्येक वेळी घडेल याची खात्री कशी पटवावी? हजारो संख्या तपासण्याची गरज नाही. पहिल्या वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर अवलंबून असते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाला ९९९ ने गुणा, मधल्या दोन अंकांतील फरकाला ९० ने गुणा, आणि दोन्ही गुणाकार मिळवा. १९०५ मध्ये हे फरक ९ आणि ४ आहेत. ८९९१ आणि ३६० मिळून ९३५१ होतात. असे फरक घेऊन मांडणी केली, तर पहिली उत्तरे केवळ ५४ निघतात. ती ५४ तपासली की सर्वच संख्या तपासल्यासारख्या होतात. नेमक्या विचाराने श्रम किती वाचतात, हे यावरून कळून येईल.

आज आपल्याला या गोष्टींचे नवल वाटते. त्या काळी मात्र अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटे. ते या मास्तरांच्या कामाला हसत. मोठ्या नियतकालिकांत लेखांना सहज जागा मिळत नसे, म्हणून कापरेकर आपल्या शोधांच्या पुस्तिका देवळालीहून स्वतःच छापून प्रसिद्ध करीत. स्वयंभू संख्यांवरील त्यांची पुस्तिका १९६३ साली अशीच निघाली. उपहासाने ते खचले नाहीत आणि चिडलेही नाहीत. शाळा-महाविद्यालयांतून बोलावणे आले की तेथे जाऊन मुलांना संख्यांच्या करामती दाखविण्यात त्यांना मनापासून आनंद वाटे.

निवृत्तीनंतरचे दिवस ओढग्रस्तीचे गेले. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. राहणी अत्यंत साधी असूनही निवृत्तिवेतन पुरेना, तेव्हा उतारवयात गणित आणि विज्ञान यांच्या शिकवण्या करून त्यांनी निर्वाह चालविला. तरीही संख्यांशी जोडलेले सोयरपण सुटले नाही. अखेर मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या प्रसिद्ध अमेरिकन लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांच्या कार्याची ओळख करून दिली, आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव देशोदेशी पोहोचले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली देवळाली येथेच त्यांचे निधन झाले.

कापरेकरांना संपत्ती लाभली नाही, उच्च पद लाभले नाही, आणि मान मिळाला तोही फार उशिरा. परंतु ज्या आनंदासाठी ते पेन्सिल हाती घेत, तो आनंद त्यांना रोज मिळत होता. त्यासाठी कोणाच्या संमतीची वाट पाहावी लागत नव्हती. मुलांनो, ६१७४ ही संख्या त्यांच्याआधीही होतीच. अंकही सर्वांपाशी तेच होते. त्यांना प्रश्न विचारण्याचा आणि उत्तर मिळेपर्यंत न कंटाळण्याचा स्वभाव मात्र कापरेकरांचा होता. तीन अंकी संख्यांवर हीच वजाबाकी करीत गेल्यास कोणती संख्या अखेरीस स्थिर राहते, ते आज घरी करून पाहा. उत्तर ४९५ येईल. पण ते येथे वाचण्यापेक्षा स्वतःच्या हाताने काढण्यात अधिक गोडी आहे.