युलिसिस ग्रँट : रणांगणावर अजिंक्य, राजकारणात हतबल

अमेरिकेचे अठरावे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो राज्यातील पॉइंट प्लेझंट या खेड्यात झाला. वडिलांचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता. मुलाला त्या कामाची शिसारी आणि घोड्यांची ओढ! वडिलांच्याच आग्रहाखातर १८३९ मध्ये ते वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत दाखल झाले. मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात त्यांनी धाडस दाखवले. मात्र १८५४ मध्ये सैन्यातून राजीनामा देऊन ते घरी परतले.

पुढील सात वर्षे हालअपेष्टांची ठरली. सेंट लुईसजवळची शेती तोट्यात गेली, जळाऊ लाकूड विकण्याची पाळी आली. १८५७ च्या नाताळात तर त्यांनी सोन्याचे घड्याळ गहाण ठेवले. अशा तंगीतही १८५९ मध्ये त्यांनी विल्यम जोन्स या आपल्या गुलामाला विकून पैसा उभा न करता मुक्त केले. १८६० मध्ये ते गॅलिना येथील वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कामाला लागले.

१८६१ मध्ये यादवी युद्ध भडकले आणि ग्रँट यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. १८६२ मध्ये त्यांनी डोनल्सनचा किल्ला जिंकला, तर ४ जुलै १८६३ रोजी व्हिक्सबर्ग शरण आले. मार्च १८६४ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी त्यांना सरसेनापती केले. ९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे जनरल रॉबर्ट ली यांनी शरणागती पत्करली. त्या वेळी ग्रँट यांनी पराभूत सैनिकांना घरी जाण्याची मुभा दिली, शेतीसाठी त्यांचे घोडे त्यांच्याकडेच ठेवू दिले आणि उपाशी फौजेला शिधा पुरवला.

या लोकप्रियतेच्या बळावर ते १८६८ मध्ये अध्यक्षपदी निवडून आले. वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई करणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत अमलात आली. कृष्णवर्णीयांवर अत्याचार करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनविरुद्ध त्यांनी १८७१ मध्ये कायदा आणि लष्कर या दोहोंचा वापर केला. परंतु निकटवर्तीयांवरील आंधळा विश्वास त्यांना भोवला. मद्यावरील कर बुडवणाऱ्या टोळीचे प्रकरण १८७५ मध्ये उघडकीस आले, तेव्हा त्यांच्या खासगी सचिवावरच खटला चालला. ग्रँट यांनी त्याच्या बाजूने साक्ष दिली व तो निर्दोष सुटला. १८७६ मध्ये लाचखोरीच्या आरोपावरून युद्धमंत्री बेलनॅप यांना पद सोडावे लागले. ग्रँट स्वतः भ्रष्ट नव्हते, तरी कारकीर्द डागाळली ती कायमचीच.

निवृत्तीनंतर ते जगप्रवासाला निघाले. फेब्रुवारी १८७९ मध्ये ते मुंबईतही आले होते. (मुंबईतील ग्रँट रोड मात्र त्यांच्या नव्हे, तर गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचा.) १८८४ मध्ये फर्डिनांड वॉर्ड या भागीदाराने केलेल्या फसवणुकीत त्यांची सारी पुंजी बुडाली. पाठोपाठ घशाच्या कर्करोगाने गाठले.

कुटुंब उघड्यावर पडू नये म्हणून ग्रँट यांनी आत्मचरित्र लिहावयास घेतले. प्रकाशनाची जबाबदारी मार्क ट्वेन यांनी उचलली. आवाज जवळजवळ बंद झाला, गिळणे असह्य झाले, तरी लेखन थांबले नाही. हस्तलिखित पूर्ण झाल्यावर काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी, त्यांचे निधन झाले. त्या दोन खंडांच्या विक्रीतून पत्नी ज्युलिया यांना सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले. व्यवहारात आयुष्यभर ठोकर खाल्लेल्या या सेनानीने अखेरची लढाई लेखणीने जिंकली.