वाल्डेमार हाफकिन

मुंबईस परळ येथे जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या आवारात जी हाफकिन संस्था आहे, तिचे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेच असेल. परंतु ज्या पुरुषाचे नाव ती धारण करते, तो कोण, कोठला, व आपल्या देशाशी त्याचा ऋणानुबंध कसा जडला, हे फार थोड्यांस ठाऊक असते. २०२१ साली करोनाच्या लशीसाठी ठिकठिकाणी रांगा लागल्या, तेव्हा कित्येक सुज्ञ माणसेही दंड पुढे करताना कचरली. तशीच भीती ह्या पुरुषास सव्वाशे वर्षांपूर्वी पदोपदी भेटली होती. म्हणून त्याचे अल्पचरित्र आम्ही येथे सादर करीत आहो.

वाल्डेमार हाफकिन ह्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओदेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तेथील विश्वविद्यालयात मेच्निकॉफ ह्या थोर शास्त्रज्ञांपाशी त्यांनी प्राणिशास्त्राचे अध्ययन केले. यहुदी वस्तीवर हल्ले झाले, तेव्हा आपल्या लोकांच्या रक्षणार्थ ते उभे राहिले व त्यापायी त्यांस अटकही झाली. स्वधर्म सोडला असता तर मायदेशी अध्यापकाची जागा मिळण्यासारखी होती. परंतु ते त्यांस रुचले नाही. १८८८ साली ते जिनिव्हास गेले व पुढील वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तेथे त्यांस प्रथम मिळाली ती ग्रंथालयातील साहाय्यकाची जागा. ती त्यांनी आनंदाने पत्करली, आणि फावल्या वेळात पटकीच्या जंतूंवर प्रयोग चालविले. जनावरांवर लशीचा गुण दिसून आल्यावर १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

१८९३ च्या मार्चात ते कलकत्त्यास उतरले. परका मनुष्य, हाती सुई, आणि निरोग्याच्या अंगात रोगाचे जंतू घालण्याची गोष्ट! लोक बिथरले ह्यात नवल ते काय? एका वस्तीत तर दगडही आले. हाफकिन ह्यांनी पोलीस बोलाविले नाहीत. सर्वांदेखत त्यांनी स्वतःस टोचून घेतले, त्यांच्या सोबत्यांनीही घेतले, तेव्हा लोक एकेक करून पुढे येऊ लागले. १८९५ पर्यंत सुमारे ४२ हजार लोकांस त्यांनी पटकीची लस टोचली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला. हा रोग प्रथम ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक लहानशी खोली, एक कारकून व तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी रात्रंदिवस काम केले. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवावयाचे, उष्णतेने ते मारावयाचे, व त्यांची लस करावयाची, अशी ती रीत होती. हिंदूंस गोमांस व मुसलमानांस डुकराचे मांस निषिद्ध, हे ध्यानी घेऊन त्यांनी शेळीचे मांस वापरले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी मोठी मात्रा स्वतःच्या अंगात टोचवून घेतली व ज्वर सोसला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जे कैदी राजी झाले त्यांस लस दिली. न टोचलेल्यांच्या मानाने टोचलेल्यांत रोग व मृत्यू फार कमी आढळले.

तरीही शहरातील लोक धास्तावलेलेच होते. त्यांस केवळ अडाणी म्हणणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. त्या दिवसांत सरकारी माणसे घरांत शिरत, रोग्यांस उचलून नेत, चीजवस्तू जाळीत. पुण्यास ह्या जुलमाचा क्षोभ रँडसाहेबांच्या खुनापर्यंत गेला. ज्या हातांनी दार फोडले, त्याच हातांतील सुईवर विश्वास कसा बसावा? शिवाय टोचल्यावर ताप येई, दंड सुजे, व हातावर पोट असणाऱ्याची एकदोन दिवसांची मजुरी बुडे. अशा वेळी खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान ह्यांनी लोकांसमक्ष स्वतःस टोचून घेतले. त्यांच्या मागोमाग त्या समाजातील हजारो लोक आले. जे हुकुमाने साधले नाही, ते आपल्या माणसाच्या उदाहरणाने साधले.

परंतु कसोटीचा प्रसंग पुढेच होता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांस लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ही भयंकर गोष्ट आम्ही बालवाचकांपासून लपवू इच्छीत नाही. दोष हाफकिन ह्यांच्या प्रयोगशाळेवर आला, ते कामावरून दूर झाले, व १९०४ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला. पुढे बारकाईने पाहता असे दिसून आले की, गावी बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, व तो नीट शुद्ध न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली, तेव्हा १९०७ साली ते निर्दोष ठरले व पुन्हा कलकत्त्यास आले. पूर्वीचा अधिकार मात्र त्यांस परत मिळाला नाही. लवकरच सेवानिवृत्त होऊन ते युरोपात गेले, व २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे निवर्तले. त्यांच्या हयातीतच, १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले होते, एवढेच समाधान.

ह्या चरित्रापासून काय घ्यावे? विद्यार्थ्यांनो, पुढे तुमच्यापैकी कोणी डॉक्टर किंवा परिचारिका होतील. भ्यालेल्या माणसाची थट्टा करू नका. त्याच्या भीतीचे कारण आधी विचारा. चूक घडली तर ती झाकू नका. तिचा शोध घ्या, कारण एका गलिच्छ चिमट्याने लक्षावधींस तारणाऱ्या औषधाचे नाव बुडू शकते. आणि पालकांस आमची विनंती अशी की, शंका अवश्य विचारावी, परंतु उत्तर शोधण्याचा कंटाळा करू नये. दुसऱ्याचा दंड मागण्यापूर्वी ज्याने आपला पुढे केला, त्याचे नाव परळच्या त्या संस्थेवर आहे. तिकडून जाताना क्षणभर थांबून ते अवश्य वाचावे.