मुळावर जन्मलेलं लेकरू

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

श्रीएकनाथ महाराजांचा जन्म पैठणचा, संत भानुदासांच्या कुळातला. पण नक्षत्र मूळ! बाप सूर्यनारायण आणि माय रुक्मिणी, दोघंही लेकरू लहान असतानाच गेले. आजा चक्रपाणी अन् आजी यांनी त्याला वाढवलं. मुळावर आलेलं पोर आईबापाला खातं, ही समजूत तेव्हाही होती. म्हणजे नीट बोलता येण्याआधीच त्या जिवाच्या कपाळी दोष लागला.

आमच्या नाचणगाव-पुलगावाकडं आजही असं बोलणं कानी येतं. कुणी मुळावरचा, कुणी पांढऱ्या पायाची. पोथीला येणाऱ्या एखाद्या माउलीनं नवरा गेल्याचं पाप आपल्याच माथी घेतलेलं असतं. प्रसादालाही ती मागंच उभी राहते. तिच्यासाठी म्हणून मी नाथांचं हे चरित्र सांगतो.

लहानपणीच नाथ देवगिरीला जनार्दनस्वामींच्या पायाशी गेले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी अन् दत्तप्रभूंचे उपासक. परंपरा सांगते, दत्तप्रभू मलंगवेषात आले तेव्हा नाथांना ते आधी ओळखू आले नाहीत. वेषाआडचा देव पाहायला गुरूंनी शिकवलं.

तीच नजर नाथांनी पुढं शब्दांकडं वळवली, स्वतःच्या जन्मनक्षत्राकडंही वळवली. एका अभंगात ते मुळावर जन्मल्याचं उघड सांगतात, लपवत नाहीत. मात्र त्यांच्या लेखी मूळ म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेलं आत्मस्वरूप. नक्षत्राची शांती करायला गेले, तर अवघ्या प्रपंचाचीच शांती झाली! ज्या शब्दानं डाग लावला, त्याच शब्दाच्या तळाशी जाऊन ते मोकळे झाले.

शके १४९५ मध्ये (इ.स. १५७३) काशीत त्यांचं एकनाथी भागवत पूर्ण झालं. त्यात अवधूताचे चोवीस गुरू येतात. पृथ्वी, वारा, समुद्र यांच्या पंगतीत पिंगळा वेश्याही आहे. मध्यरात्रीपर्यंत गिऱ्हाइकाची वाट पाहून ती थकली, आशा सुटली, अन् निवांत झोपली. जगानं जिला पतित म्हटलं तिला अवधूतानं गुरू केलं. पिंगळा ही आपल्याच आत दारात ताटकळलेली आशा आहे, असं मी वाचतो. मग ती कथा दुसऱ्या कुणाच्या पापाची राहत नाही, आपल्या सुटकेची होते.

यात पळवाट नाही. ज्यानं खरंच कुणाचं वाईट केलं, त्यानं ते निस्तरलंच पाहिजे. पण न केलेल्या पापाचं ओझं देवाच्या नावानं वाहू नये, अन् दुसऱ्याच्या डोक्यावर तर मुळीच ठेवू नये.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. दत्तजयंतीला आपण टाळ्या वाजवून त्रिमूर्तीची जी आरती म्हणतो ती त्यांचीच, मुळावर जन्मलेल्या त्या लेकराची. यंदा ती म्हणताना मागं उभ्या माउलीला पुढं बोलवा, आरतीचं ताट तिच्या हाती द्या.

॥ श्रीगुरुदत्तात्रेयार्पणमस्तु ॥