आयझॅक वॉल्टन व जुनी गळकाठी

इंग्लंडांत जुन्या सामानाच्या दुकानांत मासे धरण्याच्या वापरलेल्या काठ्या विकावयास ठेवलेल्या आढळतात. पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाकडे किंवा पिसाच्या नळीकडे डोळा लावून बसणाराची काठी लांब, हलकी व टोंकाशीं लवचिक असावी लागते. कारण टोंक व बूच यांमधील दोरी पाण्यापासून अधर राहिली, तरच मासा आमिषाला लागतांच दिलेल्या झटक्याचा उपयोग होतो. अशा दोन जुन्या काठ्या समोर आल्या असतां नवखा मनुष्य जिचें रोगण चकाकतें ती उचलतो. जाणता मनुष्य दोन्ही काठ्या जोडून पाहतो. सांधे डुगडुगतात काय, डोळ्यासमोर धरली असतां काठी एका बाजूस कलते काय, वांकवून सोडल्यावर ती पुन्हां सरळ होते कीं वांकडीच राहते, आणि तासभर धरली तर मनगट थकेल काय, याची तो परीक्षा करतो. नव्या रोगणानें जुनी चीर झांकतां येते. परंतु ताण बसला म्हणजे ती झांकून राहत नाहीं.

ज्या पुरुषानें गळ व काठी यांचें शास्त्र घरोघरीं वाचण्याजोगें केलें, त्याच्या स्वतःच्या आयुष्यालाही असा ताण वारंवार बसला. म्हणून त्याचें चरित्र विद्यार्थ्यांपुढें ठेवण्यासारखें आहे.

आयझॅक वॉल्टन ह्याचा जन्म १५९३ सालीं स्टॅफर्ड गांवीं झाला. बाप तेथें खाणावळ व मद्यगृह चालवीत असे. मुलगा चार वर्षांचाही झाला नव्हता, तोंच १५९७ सालीं बाप वारला. विश्वविद्यालयाचें तोंड पाहण्याचें त्याच्या नशिबीं नव्हतें. तो लंडनला आला, एका कापडव्यापाऱ्याच्या हाताखालीं उमेदवारी करूं लागला, आणि १६१८ सालीं लोखंडव्यापाऱ्यांच्या मंडळाचा सभासद झाला. पुढें फ्लीट स्ट्रीटवर, चॅन्सरी लेनच्या जवळ, त्याचें दुकान होतें. त्याच वस्तींतील सेंट डन्स्टन मंदिराचे पाळक कविवर्य जॉन डन हे होते. कापड मोजणाऱ्या ह्या दुकानदाराचा व त्या विद्वानाचा स्नेह जडला, आणि पुस्तकांनीं जें शिकविलें नव्हतें तें सत्संगतीनें शिकविलें.

१६२६ सालीं त्याचा विवाह रेचल फ्लाउड हिच्याशीं झाला. त्यांना सात मुलें झालीं. त्यांपैकीं एकही वयांत आलें नाहीं. १६४० सालीं रेचलही निवर्तली. त्याच वर्षीं डन ह्यांच्या प्रवचनांच्या ग्रंथास जोडलेलें त्यांचें चरित्र वॉल्टननें प्रसिद्ध केलें. घर रिकामें होत असतां त्यानें हातीं लेखणी धरली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढें त्यानें वॉटन, हूकर, जॉर्ज हर्बर्ट व सँडर्सन ह्यांचींही चरित्रें लिहिलीं.

नंतर देशांत यादवी युद्ध माजलें. १६४९ सालीं राजाचा शिरच्छेद झाला. वॉल्टन राजपक्षाचा होता; त्याचे धर्मोपदेशक मित्र आपापल्या जागांवरून काढले गेले होते. १६५१ च्या सप्टेंबरांत वूस्टरच्या लढाईंत तरुण राजपुत्राचा पराभव झाला आणि त्याचें एक मौल्यवान पदक मागें राहिलें. तें वॉल्टननें स्टॅफर्डकडून लंडनला गुप्तपणें नेलें आणि टॉवरच्या तुरुंगांत असलेल्या कर्नल ब्लॅगच्या हवालीं केलें. पकडला जाता तर प्राणाशींच गांठ होती. गळ टाकून स्वस्थ बसणारा मनुष्य भित्रा असतो, असें कोणास वाटत असेल तर त्यानें ही हकीकत आठवावी.

दोनच वर्षांनीं, १६५३ सालीं, त्याचें मासे धरण्याच्या कलेवरील पुस्तक बाहेर पडलें. त्याचें नांव कंप्लीट अँगलर. किंमत अठरा पेन्स. लेखक तेव्हां साठीच्या घरांत होता. पहिल्या आवृत्तींत तेरा प्रकरणें होतीं. मे महिन्याच्या एका सकाळीं टॉटनहॅमच्या टेकडीवर एका वाटसरूची व गळ टाकणाऱ्याची गांठ पडते. दोघे ली नदीच्या बाजूनें चालूं लागतात आणि वाटेनें विद्या दिली-घेतली जाते, अशी त्याची मांडणी आहे. राष्ट्राचीं दोन शकलें झालेलीं असतां, रागाचा एकही शब्द न काढतां, नदी, पाऊस, गवताचीं कुरणें व मासे ह्यांविषयीं लिहिणें हें धैर्याचेंच काम होतें.

आतां काठीकडे वळूं. वॉल्टनच्या पूर्वीं सुमारें दीडशें वर्षें, १४९६ सालीं, गळाच्या विद्येवर एक इंग्रजी प्रबंध छापला गेला होता. परंपरा तो एका मठवासिनीच्या नांवावर सांगते. त्यांतील काठी घरींच करावयाची. थंडीच्या दिवसांत फांदी तोडावी, भट्टीच्या उबेंत सरळ करावी, कित्येक आठवडे वाळवावी आणि आंतून पोखरावी, असा तो विधि. वॉल्टनच्या काळीं काठीची जात अधिक सुधारली होती. माशीच्या आकाराचें आमिष लावून मासे धरण्याची काठी हलकी व नरम असावी आणि ती दोन तुकड्यांची उत्तम, असें त्याचें मत होतें. ब्रीम नांवाच्या माशासाठीं मात्र तो लांब काठ्या, रेशमाच्या किंवा रेशीम व घोड्याचे केस मिळून वळलेल्या दोऱ्या, आणि राजहंसाच्या अथवा हंसाच्या पिसाच्या मोठ्या नळ्या तरंगण्याकरितां सांगतो. म्हणजे कोणती काठी चांगली ह्या प्रश्नाचें उत्तर तो काठी पाहून देत नाहीं. कोणत्या पाण्यांत व कोणत्या माशासाठीं, असें आधीं विचारतो.

काठी टिकावी म्हणून त्यानें रंगाची कृतिही दिली आहे. प्रथम सरस पाण्यांत उकळून त्याचा लेप द्यावा. मग सफेता, थोडा शेंदूर व थोडी कोळशाची पूड एकत्र करून राखी रंग साधावा, तो जवसाच्या तेलांत घोटावा, आणि रंग दाट ठेवून लाकडावर त्याचा हात मात्र पातळ द्यावा. दुकानदाराची काटकसर व कारागिराचा हात ह्या कृतींत एकत्र आले आहेत.

वॉल्टनवर एक आक्षेप घेतला जातो, तो झांकून ठेवणें योग्य नाहीं. त्याची पुष्कळशी विद्या दुसऱ्यांची होती. माशीचें आमिष करण्याची माहिती त्यानें टॉमस बार्करच्या पुस्तकावरून घेतली. १५७७ सालचें एक जुनें संवादरूप पुस्तक १९५४ सालीं उजेडांत आलें. त्यावरूनही त्यानें बरेंच उचलल्याचें दिसून आलें. रिचर्ड फ्रँक नांवाच्या त्याच्या समकालीन प्रतिपक्षी सैनिकानें तर त्याला पुस्तकी शिकारी ठरवून त्याची टर उडविली. आक्षेप खोटा नाहीं. परंतु वापरलेली काठी हातीं आली म्हणून शिकाऱ्याला कमीपणा येत नाहीं. ती न तपासतां, न सुधारतां, आपलीच म्हणून मिरविली तर येतो. वॉल्टननें हातीं आलेल्या विद्येचे सांधे तेवीस वर्षें तपासले. १६५५, १६६१, १६६८ व १६७६ ह्या सालीं नव्या आवृत्त्या निघाल्या. तेरा प्रकरणांचीं एकवीस झालीं.

शेवटच्या आवृत्तीच्या वेळीं तो ब्याऐंशी वर्षांचा होता. माशीच्या आमिषाची कला आपल्याला पुरती अवगत नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें. म्हणून तो भाग त्याचा मित्र चार्ल्स कॉटन ह्यानें लिहिला. कॉटन त्याच्याहून सदतीस वर्षांनीं लहान. स्वभावानें मौजी आणि कर्जांत बुडालेला. तरी डव्ह नदीचें पाणी त्याला तळहाताप्रमाणें ठाऊक होतें. सुमारें दहा दिवसांत त्यानें आपला भाग पुरा केला. त्याची काठी गुरूच्या काठीहून निराळी: पांच-सहा यार्ड लांब, यॉर्कशायरांत केलेली, सहापासून बारापर्यंत तुकडे दोऱ्यानें व रेशमानें इतके सुबक बांधलेली कीं चाबकासारखी निमुळती व्हावी. वॉल्टननें आपली दोन तुकड्यांची काठी खरी व शिष्याची खोटी, असा वाद घातला नाहीं. दोन्ही एकाच पुस्तकांत शेजारीं ठेवल्या. १६७४ सालीं कॉटननें नदीकांठीं बांधलेल्या लहानशा दगडी घरावर दोघांचीं आद्याक्षरें एकमेकांत गुंफलेलीं आहेत.

मध्यंतरीं दुःखाचा ताण पुन्हां बसला. १६४७ च्या सुमारास त्यानें ॲन केन हिच्याशीं दुसरा विवाह केला होता. पुढें बिशप झालेल्या टॉमस केन ह्यांची ती सावत्र बहीण. १६६२ सालीं तीही वारली व वूस्टरच्या कॅथीड्रलांत तिला पुरलें. ह्या वेळीं मात्र एक मुलगी व एक मुलगा उरले. उतारवयांत बिशप मॉर्ले ह्यांचा त्याला आश्रय मिळाला, आणि अखेर विंचेस्टर येथें जांवयाच्या घरीं १५ डिसेंबर १६८३ रोजीं, नव्वद वर्षांचा होऊन, त्यानें देह ठेविला. तेथील कॅथीड्रलांतच त्याची समाधि आहे. १९१४ सालीं इंग्लंड व अमेरिका येथील गळ टाकणारांनीं वर्गणी करून तेथें त्याच्या स्मरणार्थ रंगीत कांचेची खिडकी बसविली.

काठ्याही पुढें पालटल्या. एकोणिसाव्या शतकांत बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या सरसानें जोडून काठ्या होऊं लागल्या, आणि त्यासाठीं प्रथम जो बांबू नांवाजला तो कलकत्त्याहून जाणारा, आपल्याच देशांतला. वॉल्टननें तशी काठी कधीं पाहिली नाहीं. तरी हलकेपणा, नरमपणा व निगा ह्या त्याच्या कसोट्या तिलाही लागू पडल्या.

त्याच्या मृत्युपत्रांतील एक कलम सांगून हा लेख संपवितों. स्टॅफर्डजवळील शॅलोफर्ड येथें त्याची लहानशी शेती होती. तिच्या उत्पन्नांतून दरसाल दोन गरीब मुलांना धंदा शिकण्यास लावावें, एका मोलकरणीला किंवा प्रामाणिक गरीब माणसाच्या मुलीला लग्नासाठीं मदत द्यावी, आणि उरलेल्या पैशांतून जानेवारीच्या शेवटच्या किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत गोरगरिबांना कोळसा वांटावा, अशी त्याची इच्छा होती. गरिबाची चूल कोणत्या आठवड्यांत विझते हेंही त्यानें पाहून ठेविलें होतें. बापाविना वाढलेला व उमेदवारी करून वर आलेला मुलगा नव्वदाव्या वर्षीं आपल्यासारख्याच मुलांची तजवीज करतो. विद्यार्थ्यांनो, ताण सुटल्यावर काठी पुन्हां सरळ उभी राहिली, ती अशी.