सुसान्नाबाई वेस्ली व लेकरांचा खरेपणा

लहान मूल मनात येईल ते उघड बोलते. लपविणे ते पुढे शिकते, आणि बहुधा भयाने शिकते. हे ज्या माउलीने पक्के ओळखिले होते, तिचे चरित्र आपल्या मंडळ्यांतील आईबापांनी ध्यानी घेण्याजोगे आहे.

सुसान्नाबाईंचा जन्म इ. स. १६६९ मध्ये लंडन शहरी झाला. इ. स. १६८८ मध्ये सॅम्युएल वेस्ली ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हे गृहस्थ पुढे एप्वर्थ ह्या लहानशा गावी पाळक झाले. बाईंस १९ मुले झाली. त्यांतील ९ लहानपणीच निवर्तली. घरी कर्जाचा भार असे, तरी मुलांस वाचन व वळण बाई स्वतः लावीत. जॉन व चार्ल्स हे प्रसिद्ध वेस्ली बंधू ह्याच घरी वाढले.

त्या घरी रडून मागितलेली वस्तू मिळत नसे. घरच्या अगदी कनिष्ठ चाकरापाशी काही मागणे झाले, तरी मुलाने नम्र विनंती करूनच मागावे, अशी शिस्त होती.

इ. स. १७०९ च्या फेब्रुवारीत घरास आग लागली. पाच वर्षांच्या जॉनास लोकांनी खिडकीतून कसेबसे बाहेर काढिले. घर पुन्हा उभे राहीपर्यंत मुले निरनिराळ्या घरी राहिली, आणि तेथे वाईट गाणी व उद्धट चाली शिकली. ती परत येताच बाईंनी वळण लावण्याचे काम नव्याने हाती घेतले. इ. स. १७१२ च्या सुमारास हिंदुस्थानातील त्रांकेबार येथील डॅनिश मिशनऱ्यांचा वृत्तान्त वाचून त्यांचे मन फार हेलावले. तेव्हापासून त्या रोज सायंकाळी मुलांपैकी एकेकाशी एकांती बोलू लागल्या. जॉनाचा वार गुरुवार होता.

इ. स. १७३२ मध्ये जॉनास लिहिलेल्या पत्रात बाईंनी घरचे नियम सांगितले आहेत. त्यांत मुख्य हा की, ज्याने अपराध मोकळेपणी कबूल केला व सुधारण्याचे वचन दिले, त्यास मार मिळू नये. एका अपराधाबद्दल दोनदा शिक्षा नसावी, व सुधारलेल्या मुलास मागील चूक पुन्हा टोचू नये. ह्याने घरातील पुष्कळ खोटे बोलणे थांबले. परंतु घरच्या एका व्यक्तीने हा नियम मानिला नाही, म्हणून तीस मुले वारंवार फसवीत, असेही बाई लिहितात. ती व्यक्ती म्हणजे त्यांचे पतीच, असे समजले जाते.

बाईंची शिस्त कडक होती. वर्षाच्या मुलासही त्या छडीचे भय शिकवीत. ते आज आपण घेऊ नये. परंतु दुसरी गोष्ट अवश्य घ्यावी. घागर कोणी फोडिली, असे विचारिले असता लेकरू पुढे येऊन मी फोडिली म्हणते, आणि बाप त्यास चार माणसांदेखत बडवितो. त्या दिवशी ते लेकरू घागर सांभाळावयास शिकत नाही. खोटे बोलावयास मात्र शिकते. घागर बाजारात पुन्हा मिळेल, पण लेकराचा गेलेला खरेपणा कोणत्या बाजारी मिळणार?

सुसान्नाबाई इ. स. १७४२ मध्ये लंडन येथे निवर्तल्या. आज रात्री दिवा लावल्यावर आपल्या एका लेकरास जवळ बसवावे, आणि ते खरे सांगेल ते हात न उगारता ऐकून घ्यावे.